शाळेची बस, रिक्षाकाका आणि "आमची जबाबदारी नाही" असं छापलेला कागद

खाडीकाठची | ६ जून, रात्री १०.४०

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. मुलगी यंदा दुसरीत जाईल. शाळा नऊ किलोमीटरवर. गेली दोन वर्षं ती वाडीतल्याच रिक्षाकाकांबरोबर जाते. काका स्वभावाने देवमाणूस, पण रिक्षात एकूण अकरा पोरं. दोन काकांच्या डाव्या-उजव्या मांडीशी, एक मागे दप्तरांच्या ढिगावर, बाकीची कशी मावतात ते काकांनाच ठाऊक.

परवा शाळेने एक कागद पाठवला. "खासगी वाहनाने येणाऱ्या विद्यार्थ्यांची संपूर्ण जबाबदारी पालकांची राहील, शाळा कोणत्याही घटनेस जबाबदार राहणार नाही." खाली सही करायची. नाहीतर शाळेची बस घ्या म्हणे, महिना १४०० रुपये. रिक्षाला आम्ही ७०० देतो. बरं, बस येते फक्त मुख्य रस्त्यावर. आमची वाडी तिथून दीड किलोमीटर खाली, मध्ये व्हाळ, त्यावर बिनकठड्याचा साकव. आणि बस थांबते ते ऐन वळणावर, मोरीपाशी.

तर विचारायचंय की सही करावी का? नियम नक्की काय आहेत? आणि माझं पोर घरातून निघाल्यापासून बाकावर बसेपर्यंत कुठे कोणाच्या जबाबदारीवर असतं?

---

काजूबोंडू | ६ जून, १०.५२

अकराच? आमच्याकडे चौदा बसतात. काकांना म्हणावं अजून वाव आहे.

---

खाडीकाठची | ६ जून, १०.५५

@काजूबोंडू, हसले, पण मग झोप उडाली.

---

चाकरमानी_डोंबिवली | ६ जून, ११.२०

आम्ही रोज पाच किलोमीटर चालत जायचो. डोक्यावर इरलं, पायात काही नाही, व्हाळाला पाणी आलं की दप्तर डोक्यावर आणि चड्डी काखेत. काही झालं नाही. आत्ताच्या पालकांना पोराला दारातून उचलून दारात सोडणारी पालखी हवी. चालू द्या की मुलांना, पाय मजबूत होतात.

---

पेन्शनर_बाई | ७ जून, सकाळी ६.१०

@चाकरमानी_डोंबिवली, "काही झालं नाही" हे ज्यांना काही झालं नाही तेच सांगायला उरतात.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली अठरा खाडीपलीकडच्या एका शाळेत. एका श्रावणात दुपारी पाऊस वाढला म्हणून मी तीनला शाळा सोडली. लवकर सोडलं की मुलं सुखरूप पोचतील, एवढाच विचार. पण लवकर सोडल्यामुळे एकाही घरातून कोणी घ्यायला आलेलं नव्हतं. तिसरीतला एक मुलगा साकवावरून घसरला. खाली करंजाच्या मुळांना अडकला, शेतातल्या माणसांनी काढला. वाचला. आज तो मुंबईत नोकरीला आहे, गणपतीत पाया पडायला येतो. दरवेळी मी त्याच्या कपाळावरची खूण बघते.

त्यानंतर मी नियम केला होता. पावसात शाळा लवकर सोडायची तर आधी वाडीत निरोप, मग घंटा. निरोप पोचेपर्यंत मुलं वर्गात, भले पाच वाजोत. मुख्याध्यापक चिडायचे, चिडू दिलं.

---

चाकरमानी_डोंबिवली | ७ जून, ७.३०

बाई, मुद्दा मान्य. चड्डीचं वाक्य मागे घेत नाही, बाकीचं घेतो.

---

वकीलबाई | ७ जून, ९.१५

कागदावर सही करायला हरकत नाही आणि न करायलाही नाही. शाळेला कायद्याने जे करायचं आहे, त्यातून पालकाच्या सहीने तिची सुटका होत नाही.

महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ चे वेगळे नियम आहेत, मोटार वाहन कायद्याखाली केलेले. त्याआधी १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या एका प्रकरणात शाळेच्या बसविषयी निर्देश दिले. पिवळा रंग, पुढे-मागे "स्कूल बस" लिहिलेलं, खिडक्यांना आडव्या सळ्या, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं नळकांडं, दाराला नीट लागणारी कडी, दप्तरांना जागा, शाळेचं नाव आणि फोन नंबर, हे सगळं बरंचसं तिथून आलं. चालकाला अवजड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव हवा हेही त्यातच.

२०११ च्या नियमांतली सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत कमी वापरली जाणारी गोष्ट म्हणजे शाळेची परिवहन समिती. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओ, शिक्षण खातं आणि बसवाल्यांचा प्रतिनिधी. गाडीची कागदपत्रं तपासणं, भाडं ठरवणं आणि थांबे ठरवणं हे या समितीचं काम. खाडीकाठची, वळणावरचा थांबा कोणी ठरवला ते विचारा. पैज लावते, बसच्या मालकाने, वळायला सोपं पडतं म्हणून.

मुली असतील तर बसमध्ये महिला सहायक हवी, हेही विचारा.

रिक्षाचं म्हणाल तर परवाना तीन प्रवाशांचा. विमाही तेवढ्यांचाच. हिमाचलमधल्या एका अपघातात ४२ आसनांच्या बसमध्ये ९० माणसं होती. २००७ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं, विमा कंपनी ४२ जणांपुरतीच बांधील. त्यांतल्या सर्वांत मोठ्या ४२ भरपाया कंपनीने भरायच्या आणि ती रक्कम सगळ्यांत प्रमाणात वाटायची, उरलेलं गाडीमालकाकडून. हेच गणित रिक्षाला लावून बघा. तीन पोरांचे पैसे अकरा घरांत वाटायचे, आणि उरलेल्यासाठी ज्याच्याकडे ती रिक्षा सोडून काही नाही त्याच्यावर दावा लावायचा. तुम्ही लावाल? मी तरी माझ्या वाडीतल्या माणसावर लावणार नाही. म्हणजे उरलेलं बुडालंच.

---

मालवणी_खाजा | ७ जून, ९.५०

वकीलबाय, तुमचां सगळां बरोबर. पण आमच्या हयसर रिक्षावालो म्हणजे घरातलोच माणूस. चेडवाक शाळेत सोडता, येताना बाजारातसून बांगडे घेवन येता, सासूच्यो गोळये पण तोच हाडता. मागच्या साली माका ताप इलो तेव्हा त्यानाच चेडवाची वेणी घातल्यान आणि शाळेत पोचवल्यान. आता ह्या माणसाक करारार सही कर म्हणून सांगू? तो माका इचारतलो, "वयनी, तुमका बरां नाय काय?"

---

काजूबोंडू | ७ जून, ९.५८

वेणी कशी घातली होती ते महत्त्वाचं. फोटो टाका.

---

मालवणी_खाजा | ७ जून, १०.०५

माझ्यापेक्षा बरी. म्हणून फोटो नाय.

---

तीन_आसनी | ७ जून, दुपारी १.३०

मी स्वतः रिक्षा चालवतो. शाळेचीच. गाव सांगत नाही. इथे सगळे बोलले, आता माझं ऐका.

सुरुवातीला माझ्याकडे चार पोरं होती. पाचवं आलं ते चौथ्याच्या आईच्या सांगण्यावरून, "बहिणीचा मुलगा आहे, बसव कुठेतरी". सहावं सरपंचांच्या घरचं. सातवं बापाने मुंबईहून फोन करून गळ घातली म्हणून. मी दाराशी जाऊन एकही पोर मागितलेलं नाही. आज गर्दी दिसते म्हणून ओरडणारे तेच, ज्यांचं पोर आत आहे. ज्यांचं बाहेर आहे ते मला फोन करतात.

आता हिशोब. नऊ किलोमीटरचं अंतर धरा, धागा काढणाऱ्या ताईंचं. सकाळी जा-ये, दुपारी जा-ये, छत्तीस किलोमीटर. महिन्याला चोवीस दिवस म्हणजे साडेआठशेच्या वर. आमच्या चढ-उतारावर भरलेली रिक्षा लिटरला सत्तावीस देते, म्हणजे बत्तीस लिटर पेट्रोल, तेहेतीसशे-चौतीसशे रुपये. तीन पोरं × ७०० = २१००. पेट्रोलही सुटत नाही. अकरा घेतली तर ७७०० येतात. त्यातून पेट्रोल, टायर, ब्रेक, विमा, पासिंग. लाल चिखलात ब्रेकचे लायनर किती टिकतात ते मला विचारा. मे महिन्यात शाळा बंद, पैसे बंद. गणपतीच्या सुट्टीचे कापून देणारेही आहेत.

तीन पोरं कायद्याने नेतो, प्रत्येकी दोन हजार द्या. कोण देतंय? हात वर करा.

---

खाडीकाठची | ७ जून, १.५५

@तीन_आसनी, दादा, खरं सांगते, मी हात वर केला नाही. काकांकडे नववं पोर माझं होतं. मीच "बसवा कुठेतरी" म्हटलं होतं.

---

सुपारी_बागायतदार | ७ जून, २.२०

इकडे अलिबागेकडे मिनीडोअर. सहाची गाडी, बारा-पंधरा पोरं. आमच्या शाळेने दोन वर्षांपूर्वी सगळं बंद करून पिवळ्या बस लावल्या. छान झालं. फक्त २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय आला आणि बसवाल्याचं वेळापत्रक कोसळलं. आधी एका फेरीत लहान, दुसऱ्या फेरीत मोठे असं चालायचं. आता नऊला सगळेच हवेत. मग त्याने काय केलं, तर पहिली फेरी साडेसातला. माझा पहिलीतला मुलगा आठ वाजता शाळेच्या बंद दारापुढे उभा. शाळा म्हणते दार साडेआठला उघडतं, बसवाला म्हणतो मी वेळेत सोडलं. मधली तीस मिनिटं कोणाच्या वहीत नाहीत.

आम्ही आठ पालकांनी जाऊन शिपायाला आठला दार उघडायला लावलं. त्याला आम्ही वर्गणी काढून पैसे देतो. शाळेला ते माहीत नाही असं शाळा म्हणते.

---

आंबोली_घाट | ७ जून, २.४०

अवांतर: घाटात ज्यांची पोरं उलट्या करतात त्यांनी काय उपाय केले? आमचा रोज तिसऱ्या वळणावर. आवळासुपारी, आलं, लिंबू, सगळं झालं.

---

पेन्शनर_बाई | ७ जून, २.५०

रिकाम्या पोटी पाठवता का भरल्या? दूध बंद करा, कोरडी भाकरी द्या, पुढच्या बाजूला खिडकीशी बसवा. आणि पुस्तक वाचू देऊ नका गाडीत.

---

काजूबोंडू | ७ जून, २.५३

आमच्याकडे पुढच्या सीटसाठी चार मुलांनी उलटीचं नाटक सुरू केलं होतं. एकाला खरीच झाली. सुटला प्रश्न.

---

एसटीतला_मामा | ७ जून, रात्री ८.३०

दिवसभर भात पेरणीच्या गडबडीत होतो, आत्ता वाचलं सगळं.

मी एसटीत चौतीस वर्षं चालक होतो. गुहागर, दापोली, खेड, सगळे रस्ते हातापायात आहेत. कायदा वकीलबाईंनी सांगितला. मी स्टेअरिंगवरून काय दिसतं आणि काय दिसत नाही तेवढं सांगतो.

बसच्या अगदी पुढ्यात, बंपरला चिकटून उभं असलेलं पहिली-दुसरीचं पोर चालकाला दिसत नाही. मोठ्या नाकाच्या गाडीत तर पुढची पाच-सहा पावलं आंधळीच. डाव्या बाजूला मागच्या चाकापाशी तेच. मुलं उतरली की काय करतात? बूट बघतात, पडलेला डबा उचलायला वाकतात, नाहीतर रस्ता ओलांडायला बसच्या पाठीमागून धावतात. समोरून येणाऱ्याला ती बसच्या आडून एकदम दिसतात, तेव्हा ब्रेक लागत नाही. म्हणून उतरलं की दहा मोठी पावलं बसपासून लांब, बस निघून गेली की मग रस्ता. हे पोराला रोज सांगायचं. एकदा सांगून मूल ऐकत नाही, देव पण नाही ऐकत.

पावसात ह्याच्या दुप्पट. रेनकोटची टोपी घातलेलं पोर फक्त नाकासमोर बघतं, बाजूचं काही दिसत नाही. रस्ता ओलांडताना टोपी मागे, भिजलं तर भिजू दे डोकं. छत्री उघडून बसमधून उतरायचं नाही, एकदा छत्रीची काडी दाराच्या बिजागरीत अडकून पोर फरफटताना मी आरशात बघितलंय. दोन फूट गेली असेल गाडी. ते दोन फूट मला अजून रात्री आठवतात. दप्तराचे लोंबते पट्टे, पाण्याच्या बाटलीची दोरी, सगळं तसंच अडकतं.

आणि रंग. जूनच्या सकाळी, धुकं, वायपर अर्धा पुसतोय अर्धा नाही, अशा वेळी निळा, काळा, राखाडी रेनकोट रस्त्यात विरघळतो. पिवळा नाहीतर भडक केशरी घ्या. शोभेला नाही सांगत.

एसटीला मागे कंडक्टर असतो. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. दोन घंट्या पडल्याशिवाय मी क्लच सोडला नाही कधी. शाळेच्या बसमधला सहायक हा तुमचा कंडक्टर. तो खाली उतरून, मुलं लांब गेलेली बघून मग चढला पाहिजे. आत बसून मोबाईल बघणारा सहायक असून नसून सारखा.

ताई, तुमची ती वळणावरची मोरी मला माहीत आहे बहुतेक. तिथे बस थांबणं म्हणजे जुगार. वरून उतारावर येणारा डंपर वळल्यावर बस बघतो.

---

पुण्यात_अडकलेला | ७ जून, ८.५०

हे सगळं तंत्रज्ञानाने सहज सुटतं. जीपीएस लावा, पालकांना ॲप द्या, बस दोन मिनिटांवर आली की मोबाईल वाजतो. मूल थांब्यावर उभंच राहायला नको. पुण्यात आमच्याकडे हेच आहे.

---

काजूबोंडू | ७ जून, ८.५३

आमच्याकडे रेंज फक्त पायरीच्या आंब्यावर येते. दुसऱ्या फांदीवर. पालक तिथे चढून बसले तर बस दिसतेच, ॲप कशाला?

---

पुण्यात_अडकलेला | ७ जून, ८.५५

😀 बरं. जिथे रेंज आहे तिथे तरी.

---

आबोलीची_वेणी | ७ जून, ९.४०

ज्या गोष्टीवर कोणी बोललं नाही ती सांगते. चालकाची झोप.

दोन वर्षांपूर्वी श्रावण संपता संपता आमच्या मुलांच्या व्हॅनचा चालक सकाळी येताना डुलक्या घेत होता. मुलं घरी येऊन हसत हसत सांगायची, "काका झोपतात, आम्ही गाणी म्हणून उठवतो". मी विचारलं तेव्हा कळलं की रात्रभर तो पनवेलहून चाकरमानी आणत होता. गणपतीच्या आधीचे सात-आठ दिवस रात्रीची फेरी, पहाटे पाचला गावात, सातला पोरं. मुंबई-गोवा महामार्गावर रात्रभर गाडी मारलेला माणूस. व्हॅनची नंबरप्लेट पांढरी, म्हणजे भाड्याचा परवानाच नाही, ना चाकरमान्यांसाठी ना पोरांसाठी.

मला राग आला, पण आमच्याच घरी त्या आठवड्यात दीर-जाऊ त्याच गाडीतून उतरले होते. सासूबाईंनी त्याला मोदक दिले.

शेवटी आम्ही आईंनी ठरवून त्या आठ दिवसांत मुलांना घरीच ठेवलं. शाळेत कारण लिहिलं "ताप". सगळ्या वर्गाला ताप. पुढच्या वर्षी मात्र आधीच बोललो, गणपतीच्या आधीचा आठवडा त्याने एकतर रात्रीचं भाडं घ्यायचं किंवा पोरं. त्याने भाडं घेतलं, आणि आठ दिवस दुसरा चालक शोधून दिला. बोललं की होतं काही वेळा.

---

एसटीतला_मामा | ७ जून, ९.५५

@आबोलीची_वेणी, लाखातलं बोललीस. वेगासारखीच झोपेनेही माणसं नेली आहेत. मुलांना सांगून ठेवा, चालक डुलकी घेतो हे हसायची गोष्ट नाही, घरी सांगायची गोष्ट आहे.

---

फेरीबोट | ७ जून, १०.१०

आमची स्कूल बस म्हणजे दाभोळ-धोपावे फेरीबोट. तिला ना पिवळा रंग ना सळ्या. भाचा कॉलेजला रोज जातो. त्याला एकच नियम घालून दिलाय, बोट धक्क्याला पूर्ण टेकून फळी पडल्याशिवाय उडी मारायची नाही. ऐकतो असं तो सांगतो.

---

दशावतार_फॅन | ८ जून, सकाळी ७.२०

मोठ्या मुलांचं कोणी बोलेना. आमच्याकडे नववी-दहावीची पोरं सरळ स्कूटी घेऊन शाळेत. मागे दोघं. शाळा आत लावू देत नाही, म्हणून बाहेर पिंपळाखाली वीस गाड्या. बस परवडत नाही म्हणणारे पालकच गाडी घेऊन देतात.

---

वकीलबाई | ८ जून, ८.००

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हतं, त्याने चावी घेतली" हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. पिंपळाखाली रोज उभ्या असलेल्या गाडीबद्दल ते सिद्ध करून दाखवा.

---

दशावतार_फॅन | ८ जून, ८.१०

त्या पिंपळाखाली एक स्कूटी आमची आहे. काल रात्री वाचून चावी कपाटात ठेवली. चिरंजीव बोलत नाहीत माझ्याशी.

---

मालवणी_खाजा | ८ जून, ८.२५

एसटीचो पास काढ त्येका. पोरग्यांका एक तृतीयांशच पैसे पडतत. आणि चेडवांका पाचवी ते बारावी अहिल्यादेवी होळकर योजनेत फुकट.

---

दशावतार_फॅन | ८ जून, ८.३२

पास आहे हो. एसटी कुठे आहे? शाळा अकराला, गाडी पावणेबाराला. संपात बंद झालेली एक फेरी अजून परत आली नाही.

---

पेन्शनर_बाई | ८ जून, ९.००

त्या संपात, २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत, आमच्या गावातल्या तीन मुलींनी शाळा सोडली. दोघींची लग्नं झाली. फेरी परत मिळवायची असेल तर आगारात तोंडी सांगून काही होत नाही. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज, किती मुलं, कोणत्या वेळा, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून. आमची सकाळची फेरी अशीच परत आली, सहा महिने लागले.

---

सुपारी_बागायतदार | ८ जून, ९.३०

धागाकर्त्या कुठे गेल्या? सही केली का?

---

खाडीकाठची | १२ जून, रात्री ९.५०

इथेच आहे. चार दिवस नुसती पळापळ.

सही केली, पण खाली लिहिलं, "परिवहन समितीची बैठक कधी झाली व थांबा कोणी ठरवला याची माहिती मिळावी." वकीलबाई, तुमची पैज जिंकलात. समिती कागदावर होती, पालक प्रतिनिधी म्हणून ज्यांचं नाव होतं त्यांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी दहावी होऊन गेला. थांबा बसच्या मालकानेच ठरवलेला.

मी एकटी गेले असते तर चहा पाजून परत पाठवलं असतं. आम्ही नऊ आया गेलो. काकांनाही नेलं. ते यायला तयार नव्हते, म्हणाले माझ्याच पोटावर पाय द्यायला मला कशाला नेता. तीन_आसनी दादांचा हिशोब मी कागदावर उतरवून नेला होता, तो काकांनीच वाचून दाखवला. मुख्याध्यापकांना तो पहिल्यांदाच कळला असं दिसलं.

ठरलं ते असं. बस आता वळणावर नाही, पुढे देवळाच्या पटांगणात थांबणार. रस्ता सोडून आत. बसवाला कुरकुरला, दोन मिनिटं जातात म्हणे. सहायक बाई ठेवायचं कबूल केलंय, पंधरा दिवसांत. भाडं १४०० चं १२५० वर आलं. आणि काका वाडी ते देऊळ एवढंच नेणार, एका वेळी तीन, चार फेऱ्या, माणशी ३०० रुपये. अंतर दीडच किलोमीटर, त्यामुळे त्यांचा हिशोब जेमतेम बसतो. मधल्या वेळात बाजाराची भाडी मारायला मोकळे. देवळापाशी रोज एक आई उभी राहणार, पहिल्या फेरीपासून बस जाईपर्यंत. पाळ्या लावल्यात.

पण ७०० चे १५५० झाले. अकरातल्या दोन घरांना ते जमत नाही. एक बापाविना, एकाची बोट यंदा नीट चालली नाही. त्या दोघांचं काय करायचं ते ठरलं नाही. काका म्हणाले, "त्यांचं मी बघतो, पैशाचं बोलू नका." म्हणजे देवळापर्यंतचं सुटलं. बसचं राहिलं.

---

तीन_आसनी | १२ जून, १०.०५

काकांना माझा नमस्कार सांगा. पहिली फेरी जरा भरलेलीच निघेल बघा, तीनच्या जागी चार. डोळेझाक करू नका, सांगा त्यांना. आम्हाला सांगितलं की आम्ही ऐकतो.

---

वकीलबाई | १२ जून, १०.२०

भाडं ठरवणं समितीचंच काम आहे. दोन मुलांना सवलत हा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर लेखी घाला. आणि पालक प्रतिनिधी म्हणून आता नाव कोणाचं?

---

खाडीकाठची | १२ जून, १०.२४

माझं. 😬

---

काजूबोंडू | १२ जून, १०.२६

झालं. आता पुढचा धागा "समितीचा राजीनामा कसा द्यावा".

---

एसटीतला_मामा | १२ जून, १०.४०

देवळाचं पटांगण उत्तम. बसला तिथे रिव्हर्स घ्यावं लागेल का ते आधी बघा. लागत असेल तर मुलं पायरीवर चढून उभी, बस वळून सरळ उभी राहिल्यावरच खाली. बस मागे येत असताना पटांगणात एकही पोर नको.

पहिली पाळी कोणाची?

---

खाडीकाठची | १२ जून, १०.४४

रिव्हर्स लागणार. हे डोक्यातच आलं नव्हतं, उद्या पायरीचं सगळ्यांना सांगते. सोमवारी पहिली पाळी माझीच, पावणेआठला.

---

एसटीतला_मामा | १२ जून, १०.४६

आणि रेनकोट कुठल्या रंगाचा घेतलास?

---

खाडीकाठची | १२ जून, १०.५१

निळा. मे महिन्यातच घेऊन ठेवला होता, फुलपाखरं आहेत त्यावर. दुकानदार बदलून देतो का बघते उद्या.